हे वजन मी कुठं कमी केलं?

मी समुपदेशक. गेल्या काही वर्षांत एक वाक्य माझ्यासमोर निरनिराळ्या तोंडांतून येतंय. "वजन उतरलंय मॅडम, पण ते मी कुठं उतरवलं? इंजेक्शननं उतरवलं." बोलणारे कधी तिशीतले, कधी साठीला टेकलेले. सगळ्यांचे रिपोर्ट सुधारलेले असतात, कपडे सैल झालेले असतात, आणि चेहरा मात्र परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखा.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, नाव तर देतच नाही. त्या पेशानं लेखापरीक्षक. वय चाळिशीच्या पुढे, वजन उंचीच्या मानानं पुष्कळ जास्त, जोडीला रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सेमाग्लुटाइड हे भूक कमी करणारं औषध सुरू केलं होतं. आठवड्यातून एकदा टोचायचं पेन. सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमनं, मग दर चार आठवड्यांनी एकेक पायरी वर. सात महिन्यांत १६ किलो कमी झाले होते.

माझ्याकडे त्या वजनासाठी आल्याच नव्हत्या. चिडचिड होते, झोप लागत नाही, ही तक्रार होती. पेनचा विषय निघाला तो दुसऱ्या भेटीत, आणि तोही उठता उठता. (खरी गोष्ट बहुतेक वेळा पर्स खांद्याला लावल्यावरच बाहेर येते. म्हणून शेवटची पाच मिनिटं मी कधी घाईत घालवत नाही.) पेन फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, आतलं दिसू नये अशा डब्यात ठेवलेलं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

"लोक विचारतात, काय केलंस? मी सांगते, चालते आणि रात्री लवकर जेवते."

"खोटं आहे का ते?"

"खरं आहे. पण अर्धं. आणि अर्धं खरं सांगणाऱ्यांना पकडणं हेच तर माझं काम आहे."

पुढच्या भेटीत आणखी एक गोष्ट कळली. त्या दिवसातून एकदाच जेवत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे. त्यांचा हिशेब असा, की भूक औषधानं मारलीय, तर निदान उपाशी राहण्याचे कष्ट तरी आपले असावेत. भूकच नसताना उपाशी राहण्यात कष्ट कसले, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्या आणखी कमी खात होत्या.

इथं मी समुपदेशन थांबवलं आणि त्यांना आधी डॉक्टरांकडे परत पाठवलं. वजन फार वेगानं उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून या औषधावर असताना पुरेशी प्रथिनं पोटात जाणं आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम, दोन्ही लागतं. डॉक्टरांनी मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता सगळं विचारलं होतं. "तुम्ही स्वतःला शिक्षा करताय का?" हे कुठल्याच डॉक्टरच्या फॉर्मवर नसतं. ते विचारणं आमच्या वाट्याला येतं.

माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीतली. तिथं पहिला धडा असा, की कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. आणि माणसाच्या मनात स्वतःविषयी पक्का निकाल बसला असेल, तर त्याला धीर देत बसू नका, पुरावा मागा. समोर लेखापरीक्षक बसलेली असताना तर हा मार्ग मला फारच सोयीचा होता.

"औषध सुरू होण्याआधी संध्याकाळी काय व्हायचं?"

"जेवण झालं की तासाभरात डोक्यात पुन्हा खाणं. समोर ताळेबंद, डोक्यात फ्रीज. मी वीस वर्षं भांडले त्याच्याशी. स्वतःला काय काय शिव्या दिल्या असतील!"

"आणि आता?"

"आता शांत आहे. डोस पहिल्यांदा वाढवला त्या सुमारास एकदा लक्षात आलं, की डबा समोर उघडा पडलाय आणि मी त्याला विसरून गेलेय."

"म्हणजे पाच-सहा आठवड्यांत तुमचं चारित्र्य सुधारलं?"

त्या हसल्या. "काहीतरीच काय!"

"इच्छाशक्ती वाढली असेल. मग ती बाकी कशात दिसली? पहाटे उठायला लागलात? फोन कमी झाला?"

"फोन तर वाढलाय."

"मग बदललं काय?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मी मध्ये बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, "भूक. फक्त भूक." आणि थोड्या वेळानं, ऑफिसात बोलत असाव्यात तशा कोरड्या आवाजात, "बाकी सगळं तसंच ठेवून एकच आकडा बदलला आणि ताळा जुळला, तर चूक त्याच आकड्यात होती. इच्छाशक्तीच्या रकान्यात मी वीस वर्षं उगाच शोधत होते."

हे वाक्य मी त्यांना दिलेलं नाही. एवढा अभिमान मला आहे, की ते त्यांच्या तोंडून येईपर्यंत मी थांबले.

मला वाटलं होतं, आता त्यांना हलकं वाटेल. पुढच्या भेटीत त्या आल्या त्या संतापून. विषय जावेचा. "ती पोट भरलं की थांबते. सगळं घर तिला संयमी म्हणतं. तिला थांबावं लागतच नाही हो! तिची भूक आपोआप संपते. तिला जन्मतः फुकट मिळालंय, मला टोचून घ्यावं लागतंय. आणि लबाडी मी केली?" मग रडल्या. खूप रडल्या. लग्नातले फोटो टाळले ते, पोहणं सोडलं ते, मुलीसमोर स्वतःला नावं ठेवली ती, सगळं निघालं.

या टप्प्यावर घाईनं सांत्वन करू नये, असं माझं ठाम मत आहे. माणूस ज्या दोषासाठी इतकी वर्षं शिक्षा भोगत होता तो दोषच नव्हता, हे कळल्यावर सुटकेच्या आधी राग येतो. तो येऊ द्यावा. वजन कमी झाल्यावर माणूस खूश का दिसत नाही, या घरच्यांच्या कोड्याचं उत्तर पुष्कळदा इथं असतं. किलो गेल्याचा आनंद व्हायचा तर मागच्या वर्षांचं दुःख आधी वाट अडवून बसलेलं असतं.

जावेबद्दलचं त्यांचं म्हणणं रागाचं असलं तरी चुकीचं नव्हतं. माणसामाणसांच्या वजनातल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून तो साधारण ४० ते ७० टक्के येतो. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं, ते मेंदूला "पुरे" असं कळवतं आणि काही मिनिटांत नाहीसं होतं. सेमाग्लुटाइड त्याची नक्कल करतं, फक्त आठवडाभर टिकतं. बाहेरून आलेली ताकद नाही ती. ज्यांच्या शरीरात "पुरे" हा आवाज क्षीण होता, त्यांना तो ऐकू येऊ लागतो.

आणि उलट बाजूचा पुरावाही आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात लढायला तत्त्वासाठी नकार दिलेली ही मुलं, स्वखुशीनं आलेली. त्यांना मनोबल नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. त्यांना सुमारे सहा महिने निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवलं, तर त्यांच्या डोक्यात खाण्याखेरीज काही राहीना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. काहींनी चोरून खाल्लं. पुढे हवं तेवढं जेवण मिळू लागल्यावरही काहींचं समाधान होईना. तिथं भूक वाढवली आणि खंबीर माणसांचा संयम ढळला. इथं भूक घटवली आणि "संयम नसलेली" बाई संयमी दिसू लागली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणं हे माझ्या कामातलं मला सापडलेलं सगळ्यात उपयोगी साधन आहे. औषध म्हणजे चष्म्यासारखी मदत, हे उदाहरण मी मुद्दाम देत नाही. चष्मेवाल्याला कोणी आळशी म्हटलेलं नसतं, त्यामुळे समोरच्याला ते पटत नाही.

अपराधी भावना मात्र सहजी हटत नाही. काही आठवड्यांनी ती वेगळ्या वाटेनं आली. "ठरलेल्या आकड्यावर काटा आला की मी औषध बंद करणार. पुढचं माझं मी टिकवीन. म्हणजे ते तरी माझं." डॉक्टरांना न सांगता, हे ओघानं आलंच.

इथं आकडे समोर ठेवावे लागतात. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. पुढे औषध थांबवून वर्षभर पाहिलेल्या गटात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आलं. लोक हा शेवटचा आकडा वाचून घाबरतात. मी त्यांना आधीच्या २.४ कडे बघायला सांगते. त्या गटालाही आहाराचं आणि व्यायामाचं तेच मार्गदर्शन होतं. ते आळशी नव्हते. औषध थांबल्यावर ज्यांचं वजन परत आलं, तेही अचानक बिघडले नव्हते. भूक परत आली.

मग जन्मभर टोचायचं का, हा प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत लठ्ठपणाला दीर्घकालीन आजार मानलंय, आणि प्रौढांसाठी ही औषधं दीर्घ काळ वापरण्याचा सशर्त सल्ला दिलाय. त्यात गर्भवती नाहीत, आणि आहार, व्यायाम, सवयी यांवरच्या कामाची जोड देता येईल असंही सुचवलंय. तुम्ही किती काळ घ्यायचं, डोस किती ठेवायचा, कधी थांबवून पाहायचं, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. थांबवावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. मी एवढंच विचारते, की थांबवण्याचं कारण शरीर, खर्च, त्रास यातलं काही आहे, की स्वतःला सिद्ध करायचंय? शेवटचं कारण असेल तर तो विषय माझ्या खुर्चीसमोरचा.

मी या इंजेक्शनांची प्रचारक नाही, हेही सांगून ठेवते. समारंभाआधी चार किलो उतरवायचे म्हणून, कुणाच्या तरी ओळखीनं, तपासणीविना पेन मिळवणाऱ्यांना मी स्पष्ट नको म्हणते. घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झालेला असेल, स्वादुपिंडाला कधी सूज आली असेल, मूल हवं असेल, तर डॉक्टरांना ते आधी कळायलाच हवं. गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड थांबवावं लागतं. भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञालाही सांगायचं. जुना खाण्याचा विकार असेल, उपास आणि उलट्यांचा, तर आम्हा समुपदेशकांनाही सुरुवातीपासून सोबत घ्या.

आणि काहींचं खाणं भुकेचं नसतंच. एका गृहस्थांचा रात्रीचा एकटेपणा खाण्यावर निभावत होता. औषधानं खाणं गेलं, एकटेपणा राहिला, आणि आता त्याच्याशी करायचं काय ते त्यांना कळेना. असं उदास, रिकामं वाटू लागलं तर "वजन तर उतरतंय ना" म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना सांगा, आमच्यासारख्या कुणाला सांगा.

सांगायचं कुणाकुणाला, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. डॉक्टरांना सगळं, अगदी एकवेळचं जेवणसुद्धा. सोबत राहणाऱ्या एका तरी माणसाला, कारण रात्री पोटात असह्य दुखलं, उलट्या थांबेनात, तर त्याला माहीत असायला हवं. बाकी जगाला सांगण्याचं कसलंही बंधन नाही. फक्त एक बघा. कुणी अचानक फ्रीज उघडला तर छातीत धस्स होतं का? होत असेल तर ते न सांगणं तुम्हाला महागात पडतंय.

या लेखापरीक्षक बाईंनी नवऱ्याला सांगितलं. मोठं भाषण तयार करून गेल्या होत्या. त्यानं विचारलं, "दुखतं का?" आणि मग, "मला वाटलं तू आजारी आहेस आणि सांगत नाहीयेस." बाईंची झोप उडाली होती तशी त्याचीही उडाली होती, हे आम्हाला दोघींनाही तेव्हा कळलं.

दोन वेळचं जेवण आता होतं. डॉक्टरांशी बोलून डोस आहे तिथंच ठेवलाय. जावेला सांगणार का, असं मी सहज विचारलं.

"तिला कशाला? ती तिची भूक कुठं सांगते मला?"

झोप सुधारलीय. चिडचिड अजून पुरती गेलेली नाही, त्यासाठी आमच्या भेटी चालू आहेत.