कागद मराठीत, सही ओडियात

ताई, तुमच्या वाघोलीच्या साइटवरच्या ओडिया सेंट्रिंगवाल्याला अटक करून मराठी कागदावर त्याची सही घेतली, काल रिमांडला पीसी (पोलीस कोठडी) मिळाली, आणि 'अटकेची कारणं कळवली, सही आहे' असं तुम्हाला सांगितलं गेलं. हे चालतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालत.

६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं 'मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात (वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताचा) दोन गोष्टी पक्क्या केल्या. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि ज्याला अटक केली त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. पोलिसांच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला तर त्या क्षणी तोंडी चालेल, पण मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे.

भाषेचा मुद्दा काही नवा नाही. १९६२ चं हरिकिसन प्रकरण आपल्याच राज्यातलं, नागपूरचं. स्थानबद्धतेची, म्हणजे खटल्याविना कोठडीत ठेवण्याची, कारणं इंग्रजीत दिली होती, त्या माणसानं हिंदीत मागितली, ती नाकारली. तोंडी समजावून सांगितलं तेवढं पुरत नाही, असं तेव्हाच न्यायालय म्हणालं होतं. साठ वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडे बिहारी, बंगाली, ओडिया मजुरांपुढे मराठी छापील फॉर्म सरकवला जातो. मला याची मनापासून चीड येते.

शिवाजीनगर कोर्टात मी असाच एक रिमांड पाहिलाय. मजकूर मराठीत, खाली सही बंगालीत. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्या पोराला हिंदीत विचारलं, यात काय लिहिलंय? तो कागद हातात धरून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, 'साइन करने बोले, तो किया.' हिंदी बोलता येणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं, हे तुमच्या वकिलांनी आवर्जून सांगावं. तुमचा माणूस हिंदी वाचत असेल तर मात्र हिंदी कागद पुरे, ओडियाचा हट्ट टिकणार नाही.

कागदात काय लिहिलंय तेही बघा. 'तपासकामी आवश्यक', 'पुरावा नष्ट करू नये म्हणून' ही वाक्यं कोणाच्याही फॉर्मवर बसतात. सर्वोच्च न्यायालयाच्याच प्रबीर पुरकायस्थ निकालानं (मे २०२४) अशी सरसकट कारणं आणि त्या माणसापुरती कारणं यांतला फरक स्पष्ट केलाय: त्या माणसानं नेमकं काय केल्याचा आरोप आहे, हे त्यात हवं. तुम्हाला फोन करून कळवलं, हेही पुरेसं नाही. नातेवाइकाला वा ओळखीच्याला अटक कळवणं हे वेगळं कर्तव्य आहे. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात पत्नीला कळवल्याचा बचाव चालला नाही. कारणं दिली हे सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची, असंही त्यात आहे.

आता एक सावधगिरी. 'अटक बेकायदा म्हणजे केस संपली' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सुटका झाली तरी पोलीस नीट लेखी कारणं देऊन पुन्हा कोठडी मागू शकतात आणि मॅजिस्ट्रेटनं त्यावर शक्यतो आठवड्यात निर्णय द्यायचा असतो. शिवाय ऑगस्ट २०२५ च्या, कन्नड अभिनेता दर्शनच्या जामिनावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, नुकसान दाखवता आलं नाही तर नुसत्या या त्रुटीवर जामीन नाही, असा सूर होता. सरकारी वकील तोच पुढे करतील. तुमचं उत्तर सोपं आहे: आरोप काय तेच कळलं नाही, म्हणून पहिल्या रिमांडला विरोधच करता आला नाही. नुकसान याहून वेगळं ते काय?

काल रिमांड झाली म्हणून मुद्दा मेला नाही. परवा हजर करतील तेव्हा वकिलांनी लेखी अर्ज द्यावा, नुसतं तोंडी बोलू नये. त्या कागदाची आणि कालच्या रिमांड अर्जाची नक्कल आजच मागा, अटकेची वेळ आणि सहीची वेळ ताडून बघा. वकील लावायला पैसे नसतील तर कोर्टातल्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनला फोन करा, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. आणि त्याच्याशी ओडियात बोलू शकणारा साइटवरचा कोणीतरी परवा बरोबर न्या.