काकू, तो फोन तुमच्या घरात आलेलाच नाही

प्रश्न : नमस्कार दादा. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच. मुलाने ठेवून दिलेला जुना कॉम्प्युटर आहे, विंडोज १०, त्यावर मी आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी आणि हिशोब ठेवते, बँकेचं कामही त्यावरच. महिन्यापूर्वी पेन ड्राइव्ह शोधताना डावीकडच्या 'नेटवर्क'वर चुकून क्लिक झालं, तर तिथे एका मोबाईलचं चित्र आणि खाली कसलीतरी इंग्रजी अक्षरं नि आकडे. त्या कंपनीचा फोन आमच्याकडे कोणाचाच नाही. शनिवारी दिसतो, रविवारी दिसतो, सोमवारी गायब. मधे एकदा तर दोन दिसले. पुतण्या म्हणतो, काकी हॅक झालाय, फॉरमॅट मार. गणपतीत घरात १४ माणसं होती, वायफायचा पासवर्ड कॅलेंडरवरच लिहून ठेवला होता, त्यातल्या कोणी काही केलं असेल का? बँकेचं उघडायला आता हात धजत नाही.

उत्तर : काकू, पुतण्याला आधी थांबवा. फॉरमॅट मारून हिशोब जाईल आणि पुढच्या शनिवारी तो फोन परत तिथेच दिसेल, कारण तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नाहीच, आणि बहुतेक तुमच्या वायफायवरही नाही.

होतं काय, वायफाय चालू ठेवलेला फोन खिशात असला तरी अधूनमधून 'ओळखीचं वायफाय आहे का कुठे' असं ओरडत असतो. काही फोन, त्यातही जुने जास्त, त्या ओरडण्यात आपलं नाव आणि मॉडेलही सांगतात. तुमच्या कॉम्प्युटरला वायफायची काडी (डोंगल) लावलेली असणार (तुम्ही लिहिलं नाहीये, पण मी तसं धरून चाललोय), तिला ते ऐकू येतं आणि विंडोज त्याचं चित्र नेटवर्कच्या फोल्डरमध्ये टाकून मोकळं होतं. दारावरून मासेवाली ओरडत गेली तर आवाज माजघरापर्यंत येतो, म्हणून ती काही स्वयंपाकघरात येऊन बसलेली नसते, तसंच हे.

आणि शनिवार-रविवार! तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. घर समुद्राच्या रस्त्यावर, शनिवारी पाहुणे येणार, आसपास कुठे होम-स्टे असेल तर तिथे उतरणार नाहीतर तुमच्या गडग्याला गाडी लावून नारळपाणी पीत बसणार आणि सोमवारी घाट चढून परत जाणार. चोर असा सुट्टीचं वेळापत्रक सांभाळून येत नाही.

विंडोज हे करतं ते डब्ल्यूपीएस नावाच्या सोयीसाठी. राउटरच्या, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याच्या, पाठी एक बटण असतं बघा, त्यावर डब्ल्यूपीएस लिहिलेलं असतं किंवा गोल फिरणारे दोन बाण असतात. ते दाबलं की पासवर्ड न टाकता प्रिंटर वगैरे जोडता येतो. असं जोडण्यासारखं आजूबाजूला काय काय आहे ते हुडकायचं काम विंडोजमधली 'विंडोज कनेक्ट नाऊ' नावाची सर्व्हिस करते आणि हुडकता हुडकता रस्त्यावरचे फोनही उचलून आणते.

आता माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नका, स्वतः बघा. शनिवारी तो फोन दिसला की त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. कंपनी, मॉडेल, मॅक अॅड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) असं काय काय असेल, पण आयपी अॅड्रेसची (नेटवर्कवर जोडल्यावर मिळणाऱ्या पत्त्याची) जागा रिकामी असेल किंवा ती ओळच नसेल तर तो बाहेरचा, विषय संपला. आयपी असेल आणि तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र तो तुमच्याच वायफायवर आहे, मग तो कोणाचा हे शोधायला हवं. कॉम्प्युटरला वायफाय नसून नुसती केबल असेल तर केबलला स्वतःला रस्त्यावरचं काही ऐकू येत नाही, पण डब्ल्यूपीएसवाला राउटर ते ऐकून कॉम्प्युटरपर्यंत पोचवू शकतो, म्हणून तेव्हाही आयपीचीच ओळ बघा.

घरात खरंच कोण कोण आहे याची पक्की यादी राउटरकडेच असते, नेटवर्कमधलं ते चित्र (आयकॉन) म्हणजे नुसती ऐकीव बातमी. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (इंग्रजी आकड्यांत हो), नाही उघडलं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून डिफॉल्ट गेटवे समोरचा आकडा घ्या. युजरनेम-पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. आत 'कनेक्टेड डिव्हाइसेस' किंवा 'डीएचसीपी क्लायंट्स' असं कुठेतरी मिळेल. यादी बघून दचकू नका, घरातल्या फोनची नावंही तिथे धड येत नाहीत. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक अॅड्रेस न सांगता बनवलेला सांगतात. ओळखायची खूण अशी की मॅक अॅड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला, त्यावरून कंपनी शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा घरातल्या एकेका फोनचं वायफाय बंद करत जा आणि यादीतून कोण गळतंय ते बघा. सगळे गळले आणि तरी एक उरला, तर तो तुमचा टीव्ही नाहीतर इतर कोणीतरी.

फोनचं चित्र डोळ्यासमोर नकोच असेल तर सर्व्हिसेस उघडून 'विंडोज कनेक्ट नाऊ - कॉन्फिग रजिस्ट्रार' डिसेबल करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, झालं. किंवा सेटिंग्जमध्ये जाऊन तुमचं वायफाय प्रायव्हेटच्या ऐवजी पब्लिक करा, मग विंडोज आजूबाजूला हुडकणंच सोडून देतं, फक्त घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला फाइली किंवा प्रिंटर शेअर करत असाल तर तेही थांबेल.

राउटरमध्ये गेलाच आहात तर डब्ल्यूपीएस तिथेही बंद करा. त्याने आयकॉन जाईलच असं नाही, बंद करायचं कारण वेगळं. डब्ल्यूपीएसची एक पिन असते ८ आकडी, ऐकायला दणकट, पण डिसेंबर २०११ मध्ये उघड झालं की राउटर पहिले ४ आकडे बरोबर की चूक हे वेगळं सांगून टाकतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून हिशोबाने निघतो. म्हणजे आधी १०,००० आणि मग १,००० अशा जास्तीत जास्त ११,००० खेपांत काम खलास, आणि त्या खेपा माणूस नाही, प्रोग्राम मारतो. हल्लीचे बरेच राउटर चारदोन चुका झाल्या की दार लावून घेतात, तरी जे आपण वापरत नाही ते उघडं कशाला ठेवा.

गणपतीच्या १४ जणांचं म्हणाल तर कोणावर संशय घेऊ नका, पण पासवर्ड बदला. कॅलेंडरवरचा पासवर्ड म्हणजे दूधवाल्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांना पाठ. बदलल्यावर स्वतःचे फोन, टीव्ही सगळीकडे नवीन टाकायला लागेल तेवढा एक दिवस कटकट. पुढच्या वर्षी चाकरमानी आले की राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) चालू करून त्याचाच पासवर्ड द्या, मुलं रील्स बघत बसतील आणि तुमच्या हिशोबाच्या कॉम्प्युटरकडे कोणाचा फोन पोचणार नाही.

खरं सांगू का, मला त्या आयकॉनपेक्षा तुमच्या विंडोज १० ची जास्त काळजी वाटते. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायची सोय आहे का बघा आणि असेल तर नोंदवून टाका, नाहीतर विंडोज ११ चालेल असा कॉम्प्युटर मुलाकडून उकळा. तोवर बँकेचं काम शक्यतो फोनवर करा.

प्रश्न : मालवणला आमची खानावळ आहे. पावसात लाईट जाते-येते, आणि आली की घड्याळाशेजारी वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा गोळा नि त्यावर मनाईची खूण येते. माका वाटलां मॉडेम गेलो, पण मोबाईलवर त्याच वायफायवर नेट चालतं. हे काय?

उत्तर : मॉडेम गेला नाही भाऊ. विंडोज ठराविक वेळी मायक्रोसॉफ्टच्या एका साइटवरून एक एवढीशी फाइल मागवतं, तिच्यात तीन शब्द असतात, मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट. ते शब्द आले नाहीत की विंडोजचा समज होतो नेट नाही, आणि गोळा दाखवतं. लाईट आल्या आल्या कॉम्प्युटर आणि मॉडेम एकदम चालू होतात, मॉडेमला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तोवर कॉम्प्युटर आयपी मागून मागून कंटाळतो आणि स्वतःच एक घेऊन बसतो. आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर नक्की हेच. वायफाय बंद करून परत चालू करा, केबल असेल तर काढून घाला. मी तर लाईट आल्यावर चहा टाकतो आणि तो पिऊन झाला की कॉम्प्युटर लावतो.

मोबाईललाही नेट नसेल आणि फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर मात्र घरात काही करू नका, वायर बाहेर कुठेतरी तुटलीय किंवा माडाची झावळ पडलीय, केबलवाल्याला फोन लावा. आणि विजा चमकत असताना मॉडेमचा प्लग भिंतीतून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही.

प्रश्न : नेटवर्कमध्ये एका डब्याचं चित्र आहे, डिलीट होतच नाही. व्हायरस आहे का? (देवगड)

उत्तर : तो बहुतेक तुमचाच राउटर. डबल क्लिक करा, त्याचं पान उघडेल. उघडलंच तर अॅडमिनचा पासवर्ड अजून स्टिकरवरचाच आहे का बघा, असेल तर बदला आणि नवीन वहीत लिहा. कॅलेंडरवर नको.