चाळिशीनंतर हाताचं काम शिकायचं तर कोणतं निवडावं? वायरिंग, प्लंबिंग, वेल्डिंग की एसी-फ्रिज?

तुम्ही लिहिलंय की वय ४४, वीस वर्षं ऑफिसात हिशेबाचं काम झालं, आता हाताने करायचं काही शिकायचंय, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि व्हिडिओ बघून बघून या चार कामांत डोकं अडकलंय. मी ४१व्या वर्षी गोदामातल्या स्टॉकच्या नोंदी सोडून एसी-फ्रिजच्या कामात आलो, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा माझं माप थोडं त्या बाजूला झुकणार, हे धरूनच वाचा.

‘आवडेल ते करा’ असं सगळे सांगतात. अहो, जे कधी केलंच नाही ते आवडतं की नाही हे कळणार कसं? त्यापेक्षा त्या कामातला सगळ्यात रटाळ दिवस कसा असतो ते विचारा, आणि तसे पाच दिवस ओळीने आपलं अंग काढेल का ते बघा. मग बघा, त्यात ओढाताण किती आणि बिघाड शोधणं किती. विशीतला पोरगा आपल्या दुप्पट वेगाने भिंत फोडतो, दोन-दोन पायऱ्या टाकत वर जातो. त्याच्याशी तिथे शर्यत लावून काही हाती लागत नाही. पण यंत्र बंद का पडलं हे शांतपणे एकेक शक्यता खोडत शोधायचं असेल, तर वीस वर्षं हिशेबातली चूक शोधलेला माणूस मुळीच मागे नसतो.

मी आधी वेल्डिंगकडे गेलो होतो. मराठीत चाळिशी म्हणजे वयही आणि वाचायचा चष्माही. वेल्डिंगच्या टेबलावर दोन्ही अर्थ एकदम कळतात. माझा चष्मा दोन भागांचा. जवळचं दिसायला खालच्या भागातून बघायचं, म्हणजे मास्क घालून मान मागे टाकायची. वितळलेल्या धातूचं ते लहानसं डबकं रॉडच्या टोकाशी कसं सरकतंय हे दिसलं तर हात चालतो. मला नुसता उजेडाचा गोळा दिसायचा. दोन आठवड्यांनी पट्टीवर जे उमटलं ते कोंबडीचे पाय. मास्कच्या आत वेगळं भिंग बसवता येतं हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही गेलात तर पहिल्या दिवशीच ते मागा.

वेल्डिंग वाईट नाही. एकट्याने, शांतपणे, एकाच गोष्टीत बुडून काम करणाऱ्याला ते मानवतं. पण तिथे किंमत हाताच्या सरावाला आहे. ४५ अंशांत तिरका बांधलेला पाइप न हलवता सगळीकडून सांधायची जी परीक्षा असते, ती वाचून पास होता येत नाही, रॉड जाळावे लागतात. धूरही हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग होण्याचं कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकला. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड हवा खेळती नसताना जोडलं तर संध्याकाळी हुडहुडी भरून तापही येतो.

प्लंबिंगबद्दल फार लांबण लावत नाही. काम कायम असतं, बिघाड शोधणंही असतं, पण ते बहुतेक वेळा गुडघ्यावर बसून, सिंकखाली मान वाकडी करून. तुमच्या गुडघ्याने आत्ताच उत्तर दिलंय असं मला वाटतं.

वायरिंगची दोन कामं वेगळी धरा. नव्या इमारतीत खाचा पाडणं, पाइपातून वायरी ओढणं, दिवसभर हात डोक्याच्या वर: तिथे खांदे जातात. चालू यंत्रांच्या देखभालीत मात्र पॅनल उघडून कॉन्टॅक्टर, रिले, टायमर या वीज चालू-बंद करणाऱ्या भागांत नेमकं कुठे अडलंय ते नकाशावर बोट ठेवून शोधायचं असतं. ते तुमच्या स्वभावाला जमेल. आणि ते शिस्तीचं काम आहे. लाइन बंद आहे असं धरायचं नाही, तपासायचं; तेही टेस्टर आधी चालू लाइनवर लावून, मग आपल्या जागी, मग पुन्हा चालू लाइनवर. नाहीतर टेस्टरच मेलेला असतो आणि आपल्याला वाटतं लाइन मेली. बऱ्याच ठिकाणी परवाना मिळायच्या आधी काही वर्षं परवानाधारकाच्या हाताखाली काढावी लागतात. तुमच्याकडे किती, ते फी भरायच्या आधी विचारा आणि स्वतःच्या वयात मिळवून बघा.

आता माझं काम. मी ते का धरून राहिलो ते एका तक्रारीवरून सांगतो. एसी थंड करत नव्हता. आधीच्याने दोनदा गॅस भरला होता, दोनदा तो ‘संपला’. गॅस संपत नसतो. बंद नळीत फिरणारी वस्तू आहे ती, कमी झाली तर कुठूनतरी गळाली. आम्ही नायट्रोजन भरून दाब धरला, सांध्यांना साबणाचा फेस लावला, एका फ्लेअर नटपाशी, म्हणजे तोंड पसरवलेली तांब्याची नळी आवळून धरणाऱ्या नटपाशी, बुडबुडे आले. सांधा नवा केला, पंप लावून आतली हवा काढली, आत किती दाब उरलाय ते दाखवणारा मीटर ५०० मायक्रॉनच्या खाली गेला, म्हणजे आत जवळजवळ पोकळी. मग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून नुसतं बघत बसायचं. आकडा चढतच राहिला तर गळती आहे. थोडा चढून एका जागी थांबला तर आत ओल आहे. सगळं लक्ष त्या आकड्यावर. मला हिशेब जुळायची वाट बघितल्यासारखं वाटलं, आणि आवडलं.

दुसरं कारण, या धंद्यात जुन्यांनाही परत शाळेत बसावं लागतं. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, त्यातून एसीतला आर-२२ हा गॅस मागे पडत गेला. त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने पुढच्या गॅसांवरही मर्यादा आल्या. आता आर-३२ आहे, तो थोडा पेट घेणारा. काही ठिकाणी प्रोपेन, तो चांगलाच पेटणारा. तीस वर्षांच्या अनुभवी मिस्त्रीलाही हे नव्याने शिकावं लागलं, म्हणजे आपण उशिरा आलो तरी पार शेवटच्या बाकावर नसतो.

शेवटचा बाक दुसरीकडे असतो. मला शिकवणारा मुलगा २६ वर्षांचा. मी तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून, फ्लेअर नीट गोल आला म्हणून कौतुकाने बघत होतो. तो मागून म्हणाला, “काका, नट?” नट आधी नळीत घालायचा असतो. तोंड पसरल्यावर तो जात नाही, नळी कापून पुन्हा सुरुवात. हे मी त्याच आठवड्यात तीनदा केलं. तो हसला नाही, नुसतं कटर पुढे करायचा. ज्याला स्टॉकच्या चुका दाखवायची सवय, त्याला हे पचायला पहिले सहा महिने जड गेले, घरी येऊन बोलत नसे.

म्हणून कोर्सची फी भरायच्या आधी ओळखीतल्या कुणाच्या मागे चार सुट्ट्या बॅग धरून फिरा. एसीवाल्याबरोबर जाल तर गर्दीच्या दिवसांत जा, निवांत दिवसांत कोणतंही काम बरं वाटतं.

माझा कौल तुमच्या बाबतीत एसी-फ्रिज किंवा यंत्रांच्या देखभालीची वायरिंग, यांपैकी एक. पण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. एसीचं बाहेरचं युनिट बरेचदा इमारतीच्या बाहेर, अरुंद छज्ज्याच्या पलीकडे टांगलेलं असतं. कमरेला पट्टा बांधूनही तिथे काहींचे पाय कापतात. उंचीचं तुमचं कसं आहे ते कळवा, त्यावरून दोन्हींतलं एक सांगता येईल.