स्पेनमध्ये मैत्रिणींसोबत खायचं कसं?

प्रश्न: आम्ही चौघी मैत्रिणी माद्रिद, ग्रानादा आणि सान सेबास्तियनला चाललोय, तिथलंच खायचंय पण एक जण पूर्ण शाकाहारी आहे, कसं जमवायचं?

उत्तर: आधी घड्याळ विसरा, तिथे दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊच्या पुढे, सातला गेलात तर बऱ्याच ठिकाणी किचनच बंद असतं. दुपारी पोटभर जेवा. सोमवार ते शुक्रवार 'मेनू देल दिया' मागा, ठरलेल्या पैशात दोन पदार्थ, ब्रेड आणि बहुतेकदा पेय, गोड पण येतं. ग्रानादात तर ड्रिंक घेतलं की सोबत 'तापा' म्हणजे थोड्याशा खाण्याची छोटी प्लेट फुकट, म्हणून एकाच जागी ठाण मांडू नका, फिरत फिरत खा. सान सेबास्तियनला पिंचो खायचे, ब्रेडच्या तुकड्यावर काहीतरी रचून टूथपिक खोचलेली असते, काही बारमध्ये शेवटी त्या काड्या मोजूनच बिल करतात, तेव्हा फेकू नका हं!

शाकाहारी मैत्रिणीचं मात्र नीट बघा. नुसतं 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको म्हटलं तरी हॅम किंवा ट्यूना येऊ शकतो, त्यामुळे 'सिन हामोन, सिन आतून' म्हणजे हॅम नको, ट्यूना नको, असं स्पष्ट सांगा. सालमोरेखो नावाचं गार टोमॅटो सूप फार सुंदर लागतं पण वर हॅमचे तुकडे भुरभुरलेले असतात. पिमिएंतोस दे पाद्रोन नक्की घ्या, तेलात परतलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, वर जाडं मीठ, एकीमागून एक सौम्य लागतात आणि मधेच एखादी अशी झणझणीत निघते की डोळ्यात पाणी! ती अंडं खात असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, पण मागवा.