ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये पात्रांच्या नावांवर घातलेले नियम न्याय्य असतात का?

आपण विचारले आहे की, दोन वर्षे खेळवलेल्या ‘रक्षित’ या पात्राचे नाव कोणाच्या तरी तक्रारीवरून बदलायला लावले गेले आणि त्याच सर्व्हरवर आचरट नावे मात्र बिनदिक्कत फिरत आहेत, हा न्याय म्हणावा का? माझ्या मते नियम बहुतांशी रास्तच असतात. अन्याय होतो तो अंमलबजावणीत, आणि आपल्याकडच्या नावांना त्याचा फटका अधिक बसतो.

नियमांमागे कारणे असतात. नोव्हेंबर 2004 मध्ये ‘सिटी ऑफ हीरोज’ या गेमवरून मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने तो काढणाऱ्या एनसीसॉफ्ट आणि क्रिप्टिक या कंपन्यांवर खटला भरला, कारण खेळाडू त्यात मार्व्हलच्या नायकांच्या नकला उभ्या करत होते. डिसेंबर 2005 मध्ये तडजोड झाली. (पुराव्यातली काही पात्रे मार्व्हलच्याच माणसांनी बनवलेली निघाली, हा भाग वेगळा!) त्यानंतर प्रसिद्ध नावांबाबत कंपन्या कडक राहिल्या, तर त्यांना दोष देता येत नाही.

खरी गोची फिल्टरची, म्हणजे नावांतले आक्षेपार्ह शब्द आपोआप अडवणाऱ्या यंत्रणेची आहे. ठाण्यात आम्ही नौपाड्यातले काही जण एकत्र खेळतो. त्यांतल्या हर्षितने पात्राला स्वतःचेच नाव द्यायला घेतले, तेव्हा गेमने ते ‘अयोग्य’ म्हणून नाकारले, कारण रोमन लिपीत त्या नावाच्या शेवटच्या चार अक्षरांची एक इंग्रजी शिवी होते. आपल्या ‘रक्षित’चे आणि दीक्षित आडनावाचेही तेच. हा दोष नवा नाही. 1996 मध्ये एओएल या इंटरनेट सेवेच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना याच प्रकारे खाते उघडू दिले नव्हते. उलट, रोमन अक्षरांत अस्सल मराठी शिवी नाव म्हणून मिरवणारा एक योद्धा आमच्याच सर्व्हरवर कित्येक महिने सुखाने नांदत होता. आम्ही तक्रार केली, तर नियमभंग आढळला नाही, असे उत्तर आले. नियम एकच असला, तरी ज्याला तो लावायचा त्याला भाषाच कळत नसेल, तर सभ्य माणूस अडकतो आणि शिवराळ माणूस सुटतो.

‘आधी येईल त्याला नाव’ हा नियमही मला फारसा पटत नाही. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा अडवावी, तसे काही जण पहिल्याच आठवड्यात चांगली नावे अडवतात आणि पुढे फिरकतही नाहीत. ‘फायनल फँटसी 14’मध्ये नाव आणि आडनाव मिळून 20 अक्षरांपर्यंत मुभा असल्यामुळे एकच पहिले नाव अनेकांना घेता येते, आणि ही सोय मला सर्वांत समंजस वाटते.

आपल्या बाबतीत दाद मागताना केवळ ‘इतरांची नावे चालतात’ असे लिहू नये. त्यावर ठरावीक साच्याचे उत्तर येते. कोणत्या कलमाखाली नाव हटवले ते विचारावे, ‘रक्षित’ हे भारतात मुलांना सर्रास ठेवले जाणारे नाव आहे हे स्पष्ट नमूद करावे आणि भारतीय भाषा जाणणाऱ्या व्यक्तीकडून फेरतपासणी मागावी. दोन वर्षे त्या नावाने गिल्डमध्ये, म्हणजे गेममधल्या आपल्या गटात कमावलेली ओळख नव्या नावाला आपोआप मिळत नाही, हेही त्यात अवश्य लिहावे.