वाचकांचे प्रश्न : आंबेतची कबर आन् आपल्या मोक्षधामातला ओटा

प्रश्न : दादा नमस्कार. दिवाळीनंतर गावातले आम्ही बावीस जण ट्रॅव्हल्स करून कोकणात गेलतो. रायगड, हरिहरेश्वर, जंजिरा असा दौरा होता. टोळ फाट्यावर चहाले थांबलो तं हॉटेलवाला म्हणे इकडून आत गेलं की आंबेत लागते, अंतुले साहेबांचं गाव, त्यांची कबर तिथंच आहे. सोबत माही आजी होती, तिले निराधारचे पैसे भेटते. ती लगेच म्हणे, अंतुले म्हणजे निराधारवाले ना, चाला मंग, पाया पडून येऊ. पण ड्रायव्हरनं गाडी काही वळवली नाही, आजी घरी येऊन अजून बोलून राह्यली. तं खरंच ते तिथं आहेत का? कोकणात अजून कोणकोणत्या पुढाऱ्यांच्या जागा आहेत? आन् आपल्यासारख्या बाहेरच्या माणसानं कबरीवर गेलं तं चालते का?
(एक वाचक, आर्णी तालुका, यवतमाळ)

उत्तर : भाऊ, आधी आजीले माझा नमस्कार सांगा, कारण त्यांनी जे ओळखलं ते भल्याभल्या शिकलेल्यांना आठवत नाही. होय, हॉटेलवाल्यानं खरंच सांगितलं. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मूळचे आंबेतचेच, म्हसळा तालुका, जिल्हा रायगड. 9 फेब्रुवारी 1929 चा जन्म, 2 डिसेंबर 2014 ला मुंबईत वारले, वय 85, आणि तिथून त्यांना गावीच नेऊन दफन केलं. गाव सावित्री नदीच्या काठाशी आहे, पूल ओलांडला की पलीकडं म्हाप्रळ, तो रत्नागिरी जिल्हा झाला. मुख्यमंत्री होऊन गेलेला माणूस मुंबईत मोठी जागा न घेता आपल्या गावच्या मातीत जाऊन निजला, ही गोष्ट मला स्वतःला फार मोठी वाटते.

जून 1980 ते जानेवारी 1982, म्हणजे दीड वर्षाच्या वर थोडेच महिने मिळाले त्यांना. सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याच्या प्रकरणात हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि खुर्ची सोडावी लागली, तेही सांगितलंच पाहिजे. पण तेवढ्या दिवसांत त्या माणसानं काय काय करून ठेवलं पाहा. कुलाबा जिल्ह्याचं नाव 1 जानेवारी 1981 पासून रायगड झालं, त्याच वर्षी 1 मे ला सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले, आणि 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, ती तर आज आपल्या प्रत्येक गावात आहे. विधवा, अपंग, ज्याला कोणी नाही असा माणूस, अशांच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात. आमच्या गावात बँकेच्या दारात सकाळी सात वाजता बुढ्या येऊन बसतात, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला खोचलेली, आणि पैसे यायला दोन महिने उशीर झाला की कुणाच्या घरचं काय थांबते ते मी डोळ्यानं पाह्यलं आहे. योजनेच्या नावात अंतुले कुठंच नाहीत. तरी आजीच्या तोंडी तेच नाव आलं.

कबरीवर जायला बाहेरच्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. फक्त गावात आधी विचारायचं, मशिदीपाशी किंवा कोणा म्हाताऱ्या माणसाला, ते स्वतः सोबत येऊन जागा दाखवतात. कबरींच्या मधून चालताना कोणाच्या कबरीवर पाय पडणार नाही एवढं पाहायचं, डोकं झाकायचं, कुंकू नारळ काही न्यायचं नाही, फुलं चालतात. बऱ्याच गावांत बाया कब्रस्तानच्या आत जात नाहीत, तर आजीला आधी विचारून घ्या, नाहीच म्हणाले तर भिंतीपाशी उभं राहून हात जोडले तरी पोचतात. पुढच्या वेळेस ड्रायव्हरशी निघण्याआधीच बोलून ठेवा, टोळ फाट्यावर बोलून काही होत नाही.

आता कोकणातल्या बाकीच्या जागा. तुम्ही जंजिऱ्याला गेलते म्हणजे राजपुरीवरून होडी धरली असेल, तिथून जवळच खोकरी आहे आणि बहुतेक गाड्या तिथं थांबतच नाहीत. दगडी घुमट आहेत तिथं, जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दींच्या तीन सरदारांचे, खैरियत खान, याकूत खान आणि सिरूल खान. याकूत खान म्हणजे ज्यानं 1689 मध्ये इंग्रजांच्या मुंबईला वेढा घातला तो. आजच्या अर्थानं ते पुढारी नाहीत पण त्या किनाऱ्यावर तीनशेच्या वर वर्षं सत्ता कोणाच्या हातात होती ते त्या घुमटांपाशी उभं राह्यलं की समजते. तसाच रत्नागिरीत ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी 1885 मध्ये राज्य घेतलं, त्याला उचलून रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि 1916 च्या डिसेंबरमध्ये तो तिथंच वारला. राजवाडा पाहायला सगळे जातात, कबर त्याच शहरात आहे तिकडं कोणी फिरकत नाही. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मात्र मुद्दाम त्या कबरीवर येऊन गेले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी परमुलखात मेलेल्या राजाला त्याचा देश विसरला नव्हता.

आणि एक जागा अशी की जी शोधून सापडणार नाही. प्राध्यापक मधू दंडवते. राजापूरमधून 1971 ते 1991 सलग पाच वेळा खासदार, कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर भांडले. 12 नोव्हेंबर 2005 ला गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. हॉस्पिटलला देण्यात आला, पोरं डॉक्टरकी शिकतात त्यांच्यासाठी. ना कबर, ना समाधी. पण भाऊ, तुम्ही कधी नागपूर-मुंबई स्लीपरनं गेले असाल तर त्यांच्या गादीवर झोपून गेलात. 1977 मध्ये ते रेल्वेमंत्री झाले तोवर सेकंड क्लासच्या स्लीपरला नुसत्या लाकडी फळ्या होत्या, त्यावर दोन इंचाचा फोम त्यांनी टाकायला लावला. माझे वडील त्या फळ्यांवरून भुसावळपर्यंत जायचे, आले की दोन दिवस पाठ शेकत बसायचे. त्यांच्यासाठी दंडवते म्हणजे तो फोम होता, बाकी राजकारण त्यांना माहीत नव्हतं.

मुंबईचा किनारा तर वेगळं सांगायला नको. गिरगाव चौपाटीवर 1 ऑगस्ट 1920 ला वारलेल्या लोकमान्यांना अग्नी दिला, तिथं पुतळा आहे. दादरला चैत्यभूमी, बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत गेले, दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आपल्याकडून दरवर्षी लोक भाकरी बांधून तिथं जातात, ते माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत.

प्रश्न : सर, दोन गोष्टी विचारायच्या आहे. जाळलेल्या माणसाची समाधी म्हणजे नेमकं काय असते, खाली काय ठेवते? आणि आपल्या विदर्भात माणसाले पुरायची पद्धतच नाही म्हणून आपल्या जुन्या लोकांच्या जागा राह्यल्या नाहीत, असं आमचे एक गुरुजी म्हणते, ते बरोबर आहे का?
(एक वाचक, मूल तालुका, चंद्रपूर)

उत्तर : गुरुजींचा मान ठेवून सांगतो, हे बरोबर नाही. गोंड समाजात पुरण्याची रीत आधीपासून आहे. मेळघाटात कोरकू लोक माणसाच्या नावानं लाकडाचा खांब कोरून उभा करतात, त्यावर चंद्र सूर्य आणि घोड्यावरचा स्वार असतो. महानुभाव पंथात माती देतात, लिंगायत बसवून पुरतात, मुसलमान ख्रिश्चन तर आहेतच, आणि लहान लेकरू गेलं तर कोणत्याही घरात मातीच देतात. तुमच्याच जिल्ह्याचं ठिकाण घ्या, चंद्रपूरला अचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत, त्यातली बीरशहाची मोठी समाधी राणी हिराईनं बांधून घेतली. नवरा गेल्यावर एका बाईनं सगळं राज्य सांभाळलं आणि त्याच्यासाठी एवढं दगडी काम उभं केलं. मूलवरून चंद्रपूर किती लांब आहे, गुरुजींना घेऊनच एक चक्कर मारा, खरंच सांगतो.

आता जाळलेल्याची समाधी. मूळ शब्द संतांचा, संताला बसवून पुरलं त्या जागेला समाधी म्हणत. पुढाऱ्यांच्या बाबतीत तीन प्रकार दिसतात, कुठं जिथं चिता पेटली तिथंच चौथरा बांधतात, कुठं राख सावडल्यावर थोड्या अस्थी कलशात घालून त्यावर बांधकाम करतात, चैत्यभूमीच्या स्तूपात अस्थी आहेत, आणि कुठं खाली काहीच नसतं, फक्त आठवणीची जागा असते. वर्ध्याला गोपुरीत जमनालाल बजाजांची जागा पाहा. 11 फेब्रुवारी 1942 ला गेले, काँग्रेसची तिजोरी सांभाळणारा माणूस, मोठे शेठ, पण शेवटी गोसेवेच्या कामातच तिथं राह्यले आणि तिथंच अग्नी दिला. जवळच पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा. ते पुढारी नव्हते पण पुढारी त्यांच्याकडं यायचे.

आणि तुमच्या मूल तालुक्याचेच मारोतराव कन्नमवार! मुख्यमंत्री असतानाच 24 नोव्हेंबर 1963 ला गेले, जेमतेम वर्षभर कारभार मिळाला. विक्रोळीत कन्नमवारनगर आहे, वर्धा जिल्ह्यात कारंजा तालुक्यात कन्नमवारग्राम आहे, रोज हजारो माणसं पत्त्यात ते नाव लिहितात, आणि पेपर विकून दिवस काढलेला चंद्रपूरचा माणूस तो हाच, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल? तुमच्या शाळेत मुलांना सांगता का कधी, मला कळवा.

प्रश्न : आमच्या गावचे जुने सरपंच, तालुक्याचे पुढारीच होते, मागच्या साली वारले. पोट्टे म्हणतात रोडच्या कडेला गायरानात समाधी बांधू, वर्गणी जमा आहे. परवानगी कोणाची लागते?
(एक वाचक, धामणगाव रेल्वे तालुका, अमरावती)

उत्तर : भाऊ, रोडच्या कडेला नका आणि गायरानात तर बिलकुल नका. सार्वजनिक रस्ता, फुटपाथ, त्याची कड, इथं पुतळा किंवा बांधकामाला परवानगी द्यायची नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2013 मध्येच सांगितलेलं आहे. गायरानाचं म्हणाल तर 28 जानेवारी 2011 चा सुप्रीम कोर्टाचाच जगपालसिंग खटल्याचा निकाल आणि त्यावरून निघालेला 12 जुलै 2011 चा महाराष्ट्राचा जीआर, त्यात गायरानावरची अतिक्रमणं काढायचीच आहेत. उद्या कोणी अर्ज केला तर तुमच्याच माणसाच्या नावावर जेसीबी चालेल, ते पाहवणार नाही. त्यांच्या घरच्यांची शेतीची जागा असेल तर तिथं, नाही तर मोक्षधामाच्या आत एका कडेला, आणि काम सुरू करायच्या आधी ग्रामसभेत ठराव घ्या, मसणवट्याची देखभाल ग्रामपंचायतीकडंच असते.

मोठं नका बांधू, पण नाव आणि तारीख दगडात कोरून घ्या, ऑइल पेंटनं नाही. हे मी अनुभवातून सांगतो. आमच्या गावात 42 ला जेलात गेलेले एक काकाजी होते, नंतर दोनदा सरपंच, गावात पहिली विहीर शाळेला त्यांनी दिली. मोक्षधामात कडुलिंबाखाली त्यांचा ओटा होता, विटांचा, चुना लावलेला, दिव्यापुरता कोनाडा, आणि नाव निळ्या पेंटनं. दोन वर्षांआधी एका मातीला गेलो तर ओटाच नाही. गट्टू बसवायचं काम निघालं होतं, कंत्राटदाराच्या माणसाला तो विटांचा ढीग वाटला, त्यानं काढून टाकला, नाव तर पावसानं केव्हाच गेलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याला तरी काय बोलणार, आम्हीच दहा वर्षं तिथं चुना लावला नव्हता.

मग परत बांधायचं ठरलं तर तारीख कोणालाच माहीत नाही. घरचे म्हणत पोळ्याच्या दिवशी गेले, 1967 असेल. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला, कोतवाल बुकाची नक्कल काढली. तुम्ही जातीच्या दाखल्यासाठी काढता ना, तेच पुस्तक, जुन्या काळात कोतवाल गावातले जन्म-मरण त्यात लिहवून घ्यायचा. मोडी वाचणारा माणूस लागेल की काय अशी धास्ती होती, पण नोंद साध्या बाळबोधीत निघाली, वय, जात, आजार तापाचा, आणि दिवस निघाला तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे बैल मिरवतात तो, मोठ्या पोळ्याचा नाही. त्यांची मुलगी आता ऐंशीला टेकली. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, होय, मी भावाचा लाकडाचा बैल सजवत होती तेव्हाच घरून बोलावणं आलं होतं.