मॉड्यूल उतरवलं, पण यादीत दिसत नाही

प्रश्न : आमच्या ऑफिसात ओडू (धंद्याचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्याच सर्व्हरवर चालतं. ओडूच्या अ‍ॅप स्टोअरवरून एक मॉड्यूल, म्हणजे जोड-सुविधा, उतरवून सर्व्हरवर टाकलं, पण ‘अ‍ॅप्स’मध्ये शोधलं तर सापडत नाही. सहकाऱ्याला तर ‘अ‍ॅप्स’ हा मेनूच दिसत नाही.

उत्तर : सहकाऱ्याचं आधी. त्याच्या खात्यात ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’पुढे ‘सेटिंग्ज’ हा हक्क असेल तरच तो मेनू येतो. मात्र हा हक्क सरसकट वाटू नका. तो असला की मॉड्यूल काढूनही टाकता येतं, आणि मॉड्यूलबरोबर त्यातली माहितीही जाते.

आता तुमचं मॉड्यूल. झिप उलगडताना बऱ्याचदा एकाच नावाचं फोल्डर फोल्डरात तयार होतं. मॅनिफेस्ट फाइल (मॉड्यूलची ओळख सांगणारी ‘__manifest__.py’) ज्यात थेट दिसते, तेच खरं मॉड्यूलचं फोल्डर. ओडूच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘अ‍ॅडऑन्स पाथ’ या ओळीत मात्र या फोल्डरचा नव्हे, ते ज्यात ठेवलंय त्या फोल्डरचा पत्ता हवा. आधीच्या पत्त्यांनंतर स्वल्पविराम देऊन तो जोडा. ओडू ज्या युजरच्या नावाने चालतं, त्याला ते फोल्डर वाचता येतंय ना, हेही बघा. मग सर्व्हिस रीस्टार्ट करा.

एवढ्यानेही यादी आपोआप ताजी होत नाही. ‘सेटिंग्ज’च्या पानावर अगदी तळाशी जाऊन डेव्हलपर मोड सुरू करा. त्यानंतरच ‘अ‍ॅप्स’मध्ये ‘अपडेट अ‍ॅप्स लिस्ट’ हा पर्याय उगवतो. तो चालवा.

तरीही सापडलं नाही, तर शोधचौकटीत ‘अ‍ॅप्स’ नावाची छोटी पट्टी बसलेली असेल, तिच्यावरची फुली दाबा. हा फिल्टर मुळातच लावलेला असतो आणि मॅनिफेस्टमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’ अशी नोंद असलेली मॉड्यूलंच दाखवतो. स्टोअरवरची कितीतरी मॉड्यूलं म्हणजे आहे त्या अ‍ॅपला जोडलेलं ठिगळ. त्यांच्यात ती नोंद नसते. आमचा पहिला संशय इथेच.

सापडल्यावर ‘अ‍ॅक्टिव्हेट’ दाबा, पण आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. पायथनची लायब्ररी नसल्याची तक्रार आली, तर तिचं नाव संदेशातच असतं. ती सर्व्हरवर बसवून पुन्हा प्रयत्न करा. आणि आवृत्ती जुळवा : १६ साठीचं मॉड्यूल १७ वर चालत नाही.

प्रश्न : ओडू ऑनलाइनवर, म्हणजे ओडू कंपनीच स्वतः चालवते त्या सेवेवर, हे जमेल?

उत्तर : नाही. तिथे स्टोअरवरची बाहेरची मॉड्यूलं बसवता येत नाहीत. त्यासाठी ओडू डॉट एसएच (ओडूचीच, पण बाहेरची मॉड्यूलं चालणारी होस्टिंग सेवा) किंवा स्वतःचा सर्व्हर लागतो. विकतचं मॉड्यूल घ्यायच्या आधी हे तपासा.